ग्राहक अभ्यास आणि रिटेल विभाग

ग्राहक अभ्यास आणि रिटेल हा विद्यापीठातला असा विभाग, जिथे घेणारा आणि विकणारा या दोघांचाही अभ्यास एकाच ठिकाणी होतो. माणूस पैसे कशावर खर्च करतो, दुकानदार माल कुठून आणतो, भाव कसा लावतो, मधे कुणी फसवलं तर कायदा काय म्हणतो, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे सांगली-साताऱ्याला असं नाव काढलं की मॉलमधल्या नोकरीचा कोर्स असेल असं वाटतं बऱ्याच जणांना, पण तसं नाहीये, या विषयाचं मूळ स्वयंपाकघरात आहे.

सुरुवात अमेरिकेतली. एलेन स्वॉलो रिचर्ड्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाई होत्या, किराणा मालातली भेसळ आणि पिण्याचं पाणी तपासायचं मोठं काम त्यांनी केलं. त्यांच्याच पुढाकाराने १८९९ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड गावाला परिषदा भरायला लागल्या आणि घर चालवणं हा विद्यापीठात शिकवायचा विषय आहे ही गोष्ट तिथे पक्की झाली. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १९०५ ला तिथे घरगुती अर्थशास्त्राचा विभाग निघाला, १९२६ ला गृहअर्थशास्त्राचं स्वतंत्र स्कूल झालं, १९७६ ला त्याच्या नावात ‘ग्राहक आणि कुटुंब’ आलं. ग्राहकशास्त्र आणि रिटेलचा विभाग याच स्कूलमधला, आणि २०१० ला हे सगळं आरोग्य आणि मानवविज्ञानाच्या नव्या कॉलेजात गेलं. नुसती नावं बघितली तरी कळतं की आधी घर, मग ग्राहक, मग दुकान असा हा प्रवास आहे. दुकानाच्या बाजूने येणारी वाट वेगळी होती, न्यूयॉर्क विद्यापीठातून १९२५ ला किरकोळ व्यापारावरचं संशोधन नियतकालिक सुरू झालं आणि ते आजही चालू आहे.

भारतात हे दोन तुकडे जोडलेच गेले नाहीत फारसे. दिल्लीचं गृहविज्ञानाचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं, नंतर बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान आलं, घरखर्चाचं बजेट, खरेदी, ग्राहकाचे हक्क हे विषय तिकडे मुलींना शिकवले गेले आणि व्यापार, हिशोब, मार्केटिंग हे कॉमर्सला गेलं. म्हणजे घेणाऱ्याचं शिक्षण एकीकडे, विकणाऱ्याचं दुसरीकडे. मला ही फाळणी चुकीची वाटते, कारण घरात भाजी निवडणारी बाई आणि पेठेत गल्ल्यावर बसणारी बाई एकच असू शकते, आणि असतेच.

आपल्या भागाचं बोलायचं तर सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं आणि कॉमर्ससाठीचं चिंतामणराव कॉलेज १९६० चं, दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सांगली, सातारा त्याखाली आले. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं कॉमर्स कॉलेज सहकाराचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नावाने आहे, आता ते कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात मोडतं. आणि कॉलेजांच्या बाहेर बघितलं तर किर्लोस्करवाडीहून १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघत होतं, घरातल्या बाईशी थेट बोलणारं, ते या इतिहासात धरलंच पाहिजे असं माझं मत आहे. २०१४ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बी.व्होक. ही व्यवसाय शिकवणारी पदवी आणली, रिटेल मॅनेजमेंट त्यातला एक विषय, पण तिथेही जोर विकण्यावरच.

खरं तर असा विभाग सांगलीला काढायचा म्हटला तर सामान इथेच पडलंय. सांगलीचा बेदाणा आणि सांगलीची हळद दोघांना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाचा कायदेशीर शिक्का, आहे, बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला मिळालं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, अडत्या, खरेदीदार, हमाल, तोलाईवाला सगळे तिथे, हळकुंड वेगळं, गट्टा म्हणजे गोल गड्डा वेगळा, राजापुरी जातीचा भाव वेगळा. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं ठेवायचे, २००५ च्या महापुराने त्या पेवांचं फार नुकसान केलं. साठवण, प्रतवारी, भाव, ब्रँड, किरकोळ पुडी, पुस्तकातले पाच धडे एका पिकात.

आणि त्याच पुडीवर ग्राहकाचा धडाही होतो. परीक्षानळीत चिमूटभर हळद घ्यायची, थोडं पाणी, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब, रंग गुलाबी होतो. आता अजून पाणी घालायचं. गुलाबी गेला तर तो हळदीचाच होता, टिकून राहिला तर मेटॅनिल यलो असायची शक्यता मोठी, हा रंग खाण्यात घालायला बंदी आहे. आम्ल असल्यामुळे हे प्रयोगशाळेतच करायचं, घरी नाही. घरी ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद सोडून बघायची, चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेली पाणी गडद पिवळं करते. कॉमर्सच्या आणि गृहविज्ञानाच्या पोरांनी हे एकाच टेबलावर केलं पाहिजे.

कायद्याची बाजू महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणजे देशात ग्राहक संरक्षण कायदा यायच्या बारा वर्षं आधी. तो १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला. विभागात शिकवायला यातला सगळ्यात उपयोगाचा बदल म्हणजे आता तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्यामुळे मिरजेच्या माणसाने ऑनलाइन मोबाईल मागवला आणि खोक्यात भलतंच काही निघालं, तर कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी त्याला सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देता येतो, बिल आणि खोका उघडतानाचे फोटो तेवढे जपून ठेवायचे.