झबले (बडोदे)

तान्ह्या बाळाला रोज घालायचा सैल सुती अंगरखा. लांबी बेंबीच्या थोडी खाली ते मांडीपर्यंत, बाह्या आखूड किंवा कोपरापर्यंत, बटणांऐवजी कापडी बंद. जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे मूल पालथे पडून सरकू लागेपर्यंत, हे त्याचे मुख्य वस्त्र. टोपडे, लंगोट, दुपटे आणि कुंची यांच्यासह ते बाळंतविड्यात येते. प्रस्तुत नोंदीत बडोद्यातील मराठी, म्हणजे तेथील बोलीत ‘दक्षिणी’, घरांमधील झबले मुख्यतः विचारात घेतले आहे. गुजराती आणि मराठी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिल्याने शब्द आणि शिवण या दोहोंची देवघेव जवळून पाहता येते.

व्युत्पत्ती : ‘झबले’ या शब्दाच्या मुळाबद्दल एकमत नाही. सर्वाधिक मांडले जाणारे मत त्याला अरबी ‘जुब्बा’शी जोडते. जुब्बा म्हणजे पुढून उघडा, सैल, लांब बाह्यांचा अंगरखा. हाच शब्द युरोपात जाऊन फ्रेंच ‘ज्यूप’ झाला. भारतात तो फारसीच्या वाटेने आला असावा. गुजरातीत पुरुषांच्या सैल सदऱ्याला ‘झभ्भो’ आणि मराठीत ‘झब्बा’ म्हणतात, त्यामुळे मोठ्यांच्या वस्त्राला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून मुलाचे वस्त्र तयार झाले, ही कल्पना सहज पटते. अडचण ध्वनीची आहे. मूळ शब्दातील ‘ज’ अल्पप्राण असताना आपल्याकडे ‘झ’ कसा झाला, आणि गुजरातीत त्यापुढचा ‘ब’ही ‘भ’ का झाला, याचे उत्तर केवळ उसनवारीने मिळत नाही.

दुसरे मत ‘झगा’कडे बोट दाखवते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तुलसीदासांच्या रामचरितमानसात रांगणाऱ्या बालरामाच्या अंगावर पिवळी ‘झगुलिया’ आहे, तेव्हा लहान मुलाच्या सैल अंगरख्याला ‘झग-’ या धातूपासून नाव देण्याची रीत उत्तरेत तरी तेव्हा रुळलेली होती. झगा, झूल, झोळ, झालर ही सगळी सैल लोंबणाऱ्या कापडाची नावे ‘झ’नेच सुरू होतात हेही नजरेत भरते. परंतु ‘ग’चा ‘ब’ होण्याला आधार सापडत नाही, म्हणून ‘झगा’ हे थेट मूळ मानता येत नाही. दोन्ही मते एकत्र घेणे अधिक ग्राह्य वाटते: शब्दाचा सांगाडा जुब्ब्याचा, आणि तोंडचा ‘झ’ झगा-झूल या घरगुती कुळाच्या ओढीने आलेला.

प्रत्ययाचा प्रश्न बडोद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मराठीत लाडाचा किंवा लहानपणाचा प्रत्यय बहुधा ‘-उले’ असा येतो (तान्हुले, सोनुले). त्या न्यायाने ‘झबुले’ व्हायला हवे होते. उकार नसलेले ‘झबले’ हे गुजराती ‘झभलुं’ या रूपाच्या अधिक जवळचे आहे. यावरून शब्द गुजरातीतून मराठीत आला असे सुचवता येते, आणि तसे असेल तर तो गायकवाडी काळाच्या आधीच व्यापाराच्या वाटेने आला असण्याची शक्यता जास्त, कारण तो बडोद्यापुरता नसून कोकणापासून विदर्भापर्यंत सर्वत्र आहे. हिंदीतही ‘झबला’ आहेच, त्यामुळे ही दिशा निश्चित मानणे धाडसाचे ठरेल. मराठीतील ‘अंगडे-टोपडे’ ही जोडी मात्र शुद्ध घरची (अंग व टोप यांना ‘-डे’ लागून) आणि बहुधा अधिक जुनी आहे. आज ‘झबले-टोपडे’ तितकेच रूढ आहे.

लंगोटाखाली घालायच्या मऊ फडक्याला मराठीत बाळोते व गुजरातीत बाळोतियुं म्हणतात. येथे मात्र उसनवारीची गरज नाही. ‘बाल’ या समान शब्दापासून दोन्ही भाषांत ते स्वतंत्रपणे घडू शकते. उलट घोडियुं (लाकडी घोड्यांवर टांगलेला पाळणा) आणि त्याची कापडी झोळी ‘खोयुं’ हे शब्द बडोद्याच्या मराठीने गुजरातीतून सरळ उचललेले आहेत.

पूर्वपीठिका : 1734 मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती आल्यावर सरदार, पागेदार, कारकून, पुरोहित अशी दक्षिणी घराणी येथे स्थायिक झाली. त्यांच्या बाळंतिणींच्या खोलीत काय शिवले जात होते, हे घरोघरच्या पेट्यांमधील जपलेल्या कुंच्या आणि दुपट्यांवरूनच समजते. रोजचे झबले विरून जाते, म्हणून ते उरत नाही. शिवणकाम घरातील बायकांकडे असे. तिसरे सयाजीराव (कारकीर्द 1875–1939) यांच्या काळात 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली व त्यात रंगाई-विणाईचे शिक्षण सुरू झाले. पुढे महाराणी चिमणाबाईंच्या नावाच्या स्त्री उद्योगालयामुळे शिवण हे बायकांच्या कमाईचे साधन झाले. तयार झबली लहरीपुरा दरवाजा व मंगळ बाजाराच्या परिसरात आजही हातगाडीवर मिळतात.

कापड व बेतणी : नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 33 ते 35 सेंमी असतो आणि छातीचा त्याहून दोनेक सेंमी कमी. मोठ्या माणसाच्या देहाचे प्रमाण नेमके उलटे. म्हणून डोक्यावरून ओढायचा सदरा बाळाला त्रासाचा होतो. गळा डोक्याएवढा ठेवला तर खांद्यावरून घसरतो, छातीएवढा ठेवला तर कानाला ओढ बसते. विणलेले होजिअरीचे कापड ताणले जाते म्हणून बंद गळ्याचे बनियन चालू शकते. हातमागाचे किंवा गिरणीचे साधे कापड ताणले जात नाही, त्याला उघड (मोकळी सोडलेली बाजू) हवीच. झबल्याची सारी रचना या एका गोष्टीतून निघाली आहे. कापडाची एकच घडी घालून खांद्याला शिवण न ठेवता बाह्यांसकट कापायचे, गळ्यापासून खालपर्यंत एक बाजू मोकळी सोडायची आणि दोन ठिकाणी बंद लावायचे. बाळाला पालथे न करता पसरलेल्या झबल्यावर निजवायचे, हात बाहीत घ्यायचे, बंद बांधायचा. मान न धरणाऱ्या बाळासाठी याहून सोपी शिवण अजून कोणी काढलेली नाही.

उघड पुढे ठेवायची की मागे, यावर घरोघरी मतभेद आहेत. मागे बंद असलेले झबले समोरून नीटस दिसते आणि बाळाच्या हाताला बंद लागत नाही. पण बाळाला झोपवायचे ते पाठीवर, आणि तेव्हा गाठ मणक्याखाली येते. बगलेखाली बाजूला बंद असलेले, अंगरख्याच्या घाटाचे झबले या दृष्टीने सर्वांत बरे. बंद बोटभर लांबीचा पुरे. गळ्याशी नाडी तर कोणत्याही कारणाने नको. ती पाळण्याच्या कठड्यात अडकून गळफास बसू शकतो, आणि याच कारणाने युरोपातील ईएन 14682 हे मानक सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत टोपी व गळ्याजवळ नाडीला मज्जाव करते. बाजारात गळ्याला साटिनची लांब फीत ओवलेली झबली सर्रास दिसतात. ती घेतली तर फीत काढूनच वापरावी. टिकल्या, मणी, घट्ट न शिवलेली बटणे यांचेही तसेच: बाळाच्या हाती येते ते तोंडात जाते.

शिवणी आतून टोचतात, म्हणून जाणत्या बायका पहिल्या महिन्याची झबली उलट शिलाईने, दोऱ्यांच्या कडा बाहेर ठेवून शिवत. मानेमागची कडक पट्टी (लेबल) कापून टाकणे हा त्याचाच आजचा प्रकार. मोज्यांच्या व हातमोज्यांच्या आत सुटलेला दोरा किंवा आईचा केस बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तोडू शकतो. विनाकारण रडणाऱ्या बाळाचे मोजे काढून बोटे पाहावीत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

कापडात मलमल, व्हॉइल आणि केंब्रिक ही पसंतीची. सूत हवेतली सुमारे 8.5 टक्के ओल धरते, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के, म्हणून पॉलिएस्टर घाम टिपत नाही, तो कातडीवरच राहतो. पणजोबांच्या धोतराचे किंवा आजीच्या मऊ लुगड्याचे पहिले झबले करण्याची चाल महाराष्ट्रात व गुजरातेतही आहे. त्यामागे दीर्घायुष्याचा आशीर्वाद, दृष्ट न लागणे अशी कारणे सांगितली जातात. पाचवी-सटवी होईपर्यंत नवे कोरे कापड बाळाच्या अंगाला लावत नाहीत. ही चाल भाबडी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. नव्या कापडात खळ असते, कधी सुरकुत्या न पडण्यासाठीची रसायनेही असतात. शंभर वेळा धुतलेल्या धोतरात त्यांपैकी काही उरत नाही. ज्यांना नवेच घ्यायचे आहे त्यांनी निदान दोनदा धुऊन, उन्हात वाळवून मग वापरावे.

ऋतू व निवड : मे महिन्यात बडोद्याचे दुपारचे तापमान सरासरीने 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नवजाताच्या घर्मग्रंथी पहिल्या काही आठवड्यांत पुरते काम करत नाहीत आणि वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट असते. परिणामी ते लवकर गारठते तसे लवकर तापतेही. ‘मोठ्यांपेक्षा एक-दोन थर जास्त’ हा दवाखान्यात सांगितला जाणारा नियम थंड किंवा बेताच्या उबेच्या खोलीसाठी आहे. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत तोच पाळून टोपडे, मोजे, दुपटे सगळे चढवले की बाळाला घामोळे येते, अंग तापते आणि घरचे ते आजारपण समजतात. त्या दिवसांत बिनबाह्यांचे मलमलीचे झबले आणि लंगोट एवढे पुरे. हातपाय गार लागणे हे थंडीचे लक्षण नव्हे. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे.

हिवाळा येथे सौम्य असला तरी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे अंगावर काटा येतो. तेव्हा जाड फ्लॅनेलपेक्षा सुती झबल्यावर सुती झबले घालावे. दुपारी एक काढता येते. लोकरीचे स्वेटर सुती थरावरच, थेट कातडीला नको. फ्लॅनेल पटकन पेट घेते, आणि ओवा-वावडिंगाच्या धुरीची चाल अजून टिकून असलेल्या घरांत हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. (धुरी बाळाच्या श्वासालाही चांगली नाही.) झोपेत, घरात असताना, टोपडे काढून ठेवावे. ते तोंडावर घसरू शकते, आणि डोके हा बाळाच्या अंगाचा उष्णता बाहेर टाकणारा मोठा भाग आहे.

दुपट्यात गुंडाळण्याची पद्धत छातीपाशी बेताची, श्वासाला अडथळा न करणारी, आणि कमरेखाली सैल अशी असावी. पाय सरळ करून आवळून बांधल्यास खुब्याचा सांधा नीट घडत नाही. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे.

मापाबाबत: जन्मावेळी सुमारे 50 सेंमी असलेले बाळ तीन महिन्यांत 60च्या आसपास जाते आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट होते. सर्वांत लहान मापाची चार-सहा झबली पुष्कळ झाली. बारशाला हौसेने येणारी पहिल्या मापाची डझनभर झबली बहुतेक घरांत न वापरताच लहान पडतात.

लंगोट : तिकोनी घडीचा, नाळ गळून पडेपर्यंत बेंबीच्या खाली बांधायचा, म्हणजे नाळ कोरडी राहते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा उन्हाळ्याच्या दुप्पट लंगोट लागतात आणि दमट राहिलेल्यांवर इस्त्री फिरवतात. प्लॅस्टिकच्या चड्डीने पुरळ वाढते. तयार डायपर प्रवासात सोयीचे. दिवसाकाठी काही वेळ बाळ उघडे ठेवावे.

कुंची व काळे झबले : कुंची खणाची किंवा रेशमी, गोंडे-मोती लावलेली. ती बाहेर नेताना व समारंभात वापरतात, रोजची नव्हे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणाऱ्या बोरन्हाणाला पांढऱ्या खडीचे काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात. बडोद्यात त्याच सुमारास उत्तरायणाचे पतंग असतात, त्यामुळे पुष्कळ घरांत बोरन्हाण पुढच्या रविवारावर जाते.

जपणूक : तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाच्या झबल्यात तेल मुरते, कापड पिवळे आणि चिवट होते. गरम पाण्यात वेगळे भिजवून धुतले तर ते मऊ राहते. थोरल्या भावंडाची किंवा आई-वडिलांची झबली धाकट्यासाठी जपून ठेवण्याची रीत घरोघरी आहे, आणि त्यांत डांबराच्या गोळ्या टाकण्याचीही. या गोळ्यांतील नॅफ्थलिन कातडीवाटे व श्वासावाटे शरीरात जाते. ज्या बाळांत जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात व तीव्र कावीळ होते. ही कमतरता भारतात दुर्मीळ नाही आणि जन्मताच दिसून येत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळ्या मुळीच ठेवू नयेत. पूर्वीप्रमाणे वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. गोळ्यांत ठेवलेली जुनी पेटी उघडली असेल तर त्यातील वस्त्रे पुन्हापुन्हा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस उन्हात टाकावीत. वास राहिलाच तर ते झबले बाळाच्या अंगावर घालू नये.