विमानतळांमधील हवाई अंतर व प्रवासकाळ

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणाऱ्या लघुतम मार्गाची लांबी. ती बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजतात. ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते ते बृहद्वृत्त. मोजणी विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून होते व हा बिंदू सहसा धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्याजवळ असतो. वैमानिकी एकक सागरी मैल (१.८५२ किमी.).

नेहमीच्या सपाट नकाशावर हा मार्ग ध्रुवाकडे वाकलेला दिसतो. ६०° उत्तर अक्षांशावर, परंतु रेखांशांत १८०° फरक असलेली दोन ठिकाणे घेतली, तर अक्षवृत्तावरून सुमारे १०,००० किमी. भरतात, ध्रुवावरून गेल्यास सुमारे ६,६७० किमी. पुरतात.

अंतर काढण्याचे प्रचलित सूत्र हॅव्हरसाइनचे, म्हणजे अर्ध्या उत्क्रमज्येचे (उत्क्रमज्या = १ वजा कोज्या; कोज्या म्हणजे कोसाइन). कोज्येच्या जुन्या सूत्रात जवळची ठिकाणे अडचणीची ठरतात : १ किमी. अंतराच्या केंद्रीय (पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या) कोनाची कोज्या १ पेक्षा आठव्या दशांशस्थळी कमी असल्याने सात अंकी कोष्टकात तो फरक पुसलाच जातो. अर्ध-उत्क्रमज्येत तो टिकतो. या सूत्राच्या श्रेयाबद्दल एकवाक्यता नाही. नौकानयनासाठी ते वापरणारा स्पॅनिश खगोलज्ञ मेंदोसा इ रिओस (१८०१), कोष्टके छापणारा जेम्स अँड्र्यू (१८०५) आणि १८३५ मध्ये ‘हॅव्हरसाइन’ हा शब्द रूढ करणारा जेम्स इन्मन अशी तीन नावे घेतली जातात. नाव इन्मनचे व वापर मेंदोसाचा, असे मानणे अधिक ग्राह्य वाटते. उत्क्रमज्येची मूल्ये सूर्यसिद्धांतात आढळतात. त्या ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद आहेत. त्यावरून नौकानयनातील सूत्राचा थेट उगम भारतीय ठरवणे मात्र घाईचे होईल.

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने गोल धरून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. पृथ्वीचा हा चपटेपणा हिशेबात धरणारी व्हिन्सेंटीची पद्धत (१९७५) ती दूर करते. पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवर असलेल्या बिंदूंसाठी तिचे उत्तर स्थिरावत नाही.

प्रवासकाळ केवळ या अंतराला वेगाने भागून मिळत नाही. वेळापत्रकात असतो तो ब्लॉक टाइम : विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, रांग व उतरण्याआधीच्या घिरट्याही येतात. वाऱ्याचा परिणाम मोठा. लंडन–न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किमी.; पश्चिमेकडे जाताना सामान्यतः साडेसात ते आठ तास, पूर्वेकडे येताना साडेसहा ते सात. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रबळ जेट प्रवाहामुळे (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यामुळे) न्यूयॉर्कहून लंडनला येणारे एक विमान पाच तासांच्या आत पोहोचले.

हवाई हद्दींचे निर्बंधही मार्ग लांबवतात. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो उड्डाणे सुमारे साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेली; काही थेट उत्तर ध्रुवावरून वळवली गेली. बृहद्वृत्तीय अंतर तेच होते, सुमारे ७,८०० किमी.