‘आमच्या वेळची गाणी’ इतकी जवळची का वाटतात?

‘आमच्या वेळी होती तशी गाणी आता होत नाहीत’ हे वाक्य नाशिकमधल्या प्रत्येक पिढीने आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकवलेले असते. ते अगदी मनापासून बोललेले असते. पण त्यात गाण्याच्या दर्जापेक्षा ऐकणाऱ्याच्या वयाचा वाटा मोठा असतो. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांना अनेक दशकांतील लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले, तेव्हा वयाच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजत असलेल्या गाण्यांकडे श्रोत्यांचा सर्वाधिक कल दिसला.

उतारवयात माणसाला मागचे आयुष्य आठवायला सांगितले, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानाने पुष्कळ अधिक निघतात. घर सोडून वसतिगृहात जाणे, पहिली कमाई, मैत्री, प्रेम आणि ‘आपण कोण’ या प्रश्नाची पहिली उत्तरे हे सारे याच काळातले असते आणि तेव्हा कानांवर पडलेले गाणे त्या उत्तरांना चिकटून राहते. मेंदूचे अभ्यासक पेत्र जनाटा यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की, जुन्या आठवणी जागवणारे गाणे ऐकताना कपाळामागचा मधला भाग अधिक सक्रिय होतो. स्वतःविषयी विचार करतानाही हाच भाग कामाला लागतो.

मला याहून मोलाचा वाटतो तो कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा २०१३ मधील निष्कर्ष. विशीतल्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली गाणी ऐकवल्यावर त्यांच्या स्वतःच्या पिढीच्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही त्यांना विशेष आवडली, ती ऐकताना आठवणीही जाग्या झाल्या. म्हणजे आपण न जगलेल्या काळाची ओढही घरातून मिळते. नाशिकमध्ये १९२१ साली जन्मलेले शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर १९५५ साली, ऐन उमेदीत गेले; तरी त्यांच्या भजनांनी व्याकूळ होणारे तरुण आजही भेटतात, कारण त्यांनी ती बहुधा आजोबांच्या शेजारी बसून ऐकलेली असतात. नाशिकच्या पिंपळपारावर दिवाळी पाडव्याच्या पहाटे होणाऱ्या मैफलीला तीन पिढ्या एकत्र बसतात, तेव्हा हेच हस्तांतर चारचौघांत घडते.

मात्र आवड म्हणजे केवळ वारसा नव्हे, ती स्वतःची निवडही असते. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून एका हाताने टिपरू आणि दुसऱ्या हाताने थाप देणारी मुलगी घरी परतताना कानांत रॅप लावते, आणि यात विसंगती काहीच नाही. एका तालात हालचाल केल्याने माणसांत आपलेपणा वाढतो, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. ढोलपथक तिला गावाशी जोडते, तर रॅप तिला समवयस्कांशी.

तिशीनंतर आवडीचे दार बंद होते, असे मात्र समजू नये. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये दाखवले की, निव्वळ पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही अनोळखी गोष्ट आवडू लागते. नातीचे रॅप घरात रोज वाजत राहिले, तर आजीलाही त्या ठेक्याची सवय होते, आणि नात शिकायला पुण्याला गेली की तिची आठवण करून देणाऱ्या गाण्यांत साठीनंतर ऐकलेल्या त्या रॅपचीही भर पडते.