तरवड (परसबागेतील लागवड)

तरवड (सेना ऑरिक्युलाटा) हे शेंगवर्गातील देशी झुडूप, उंची १ ते २ मीटर. माण, खटाव, आटपाडी, जत या सातारा-सांगलीतील कमी पावसाच्या तालुक्यांत माळावर आणि रस्त्याकडेला ते आपोआप उगवते. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ रानातही टिकते. नवरात्रात घटाला याच्या पिवळ्या फुलांची माळ घालतात. साल पूर्वी कातडी कमावायला वापरत.

फुलात मध नसतो, फक्त पराग. तेही परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून, हादरा बसल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो आणि पराग झाडून घेतो. मधमाशीला हे साधत नाही. ती सांडलेले वेचते. भुंग्यासाठी जवळच एखादे वाळके लाकूड पडू द्यावे, तो त्यात घर कोरतो. मधासाठी येणाऱ्या फुलपाखरांकरता शेजारी तुळस हवी.

बी वाळलेल्या चपट्या शेंगांतून काढावे. भोके पडलेले टाकून द्यावे, ते भुंगेऱ्याने पोखरलेले असते. कवच टणक असल्याने नुसते पेरलेले बी महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाकावे व रात्रभर ठेवावे. फुगलेले तेवढे पेरावे, उरलेल्यांना पुन्हा तेच. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत भरलेल्या पिशवीत १ सेंमी खोल पेरावे. सोटमूळ लवकर खाली जाते. रोप पिशवीत फार दिवस राहिले तर मूळ गुंडाळते आणि झाड पुढे खुरटते. जूनच्या पावसात, दीड मीटर अंतरावर, एरवी कडक ऊन मिळेल अशा जागी लावावे.

वाळवा-मिरजेकडच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत मूळ कुजते. तिथे मुरूम मिसळून ३० सेंमी उंचीचा वरंबा करावा. पहिल्या उन्हाळ्यात १०-१२ दिवसांनी पाणी, नंतर बहुधा नाहीच. लाडाने खत-पाणी वाढवले की पालाच माजतो आणि फुले कमी येतात. बहर ओसरल्यावर एक तृतीयांश छाटणी पुरते.

पाने कुरतडलेली दिसली तर औषध मारू नये. त्या हिरव्या अळ्या पांढरट-पिवळसर फुलपाखरांच्या असतात. झाड पुन्हा पालवते. रोपवाटिकेत ‘कॅशिया’ म्हणून पिवळ्या फुलांच्या परदेशी जातीही विकतात. तरवडाची खूण म्हणजे पानाच्या देठाशी असलेली कानाच्या पाळीसारखी उपपर्णे (देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे छोटे भाग).