डीजे संगीतसंग्रह व्यवस्थापन सॉफ्टवेअर

डीजेजवळच्या डिजिटल गाण्यांवर ठेका, सूर, प्रकार, प्रसंग अशा माहितीचे टॅग चढवणारी, त्यांनुसार गाणी लावून ठेवणारी आणि चालू कार्यक्रमात नेमके गाणे काही सेकंदांत समोर आणणारी सॉफ्टवेअर. ती ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एमपीथ्रीटॅग, म्युझिकब्रेन्झ पिकार्ड, वनटॅगर यांचे काम फायलीतली माहिती दुरुस्त करण्यापुरते. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे यांत गाणी वाजवण्याची आणि संग्रह सांभाळण्याची सोय एकत्रच असते. नवख्याला हा फरक किरकोळ वाटतो. पुढची डोकेदुखी मात्र इथूनच सुरू होते.

रेकॉर्डच्या जमान्यात डीजे कव्हरवर चिकटपट्टी लावून पेनाने बीपीएम, म्हणजे मिनिटातले ठोके, लिहून ठेवत. संग्रह पेट्यांत मावेल इतकाच, त्यामुळे बाकीचे डोक्यात राही. फायनल स्क्रॅच आणि त्यामागून २००४ मध्ये आलेले सेराटो स्क्रॅच लाइव्ह या प्रणालींनी हातात रेकॉर्ड तशीच ठेवून आवाज लॅपटॉपमधल्या फायलीतून काढला. २००९ मध्ये पायोनियरचे रेकॉर्डबॉक्स आले आणि घरी तयारी करून नुसता पेन ड्राइव्ह घेऊन क्लबात जाण्याची पद्धत रुळली. संग्रह हजारोंच्या घरात गेला, तशी ऐन वेळी न सापडणारी गाणीही वाढली.

एमपीथ्री फायलीत माहिती ठेवण्याची आयडीथ्री ही पद्धत एरिक केम्प यांनी १९९६ मध्ये काढली. पहिल्या आवृत्तीत फायलीच्या शेवटी अवघे १२८ बाइट असत : शीर्षक, कलाकार, अल्बम आणि शेरा यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, संगीतप्रकाराला फक्त एक. प्रकार शब्दांत लिहायचाच नाही. ठरीव यादीतला क्रमांक टाकायचा. मूळ यादीत ८० प्रकार होते. विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती वाढवली आणि तीत १२६ हा क्रमांक ‘गोवा’ला मिळाला. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून वाढलेल्या गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची ही पावती. लावणी, भारूड, कोळीगीत यांना मात्र त्या यादीत जागा नाही. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही बंधने गेली. युनिकोडमुळे देवनागरीत लिहिता येऊ लागले, बीपीएम आणि मूळ सूर यांना स्वतंत्र रकाने मिळाले. गंमत अशी, की प्रमाणानुसार बीपीएम पूर्णांकातच लिहायचा, १२७.५ ला तिथे थारा नाही. अनेक सॉफ्टवेअर हा नियम सरळ धाब्यावर बसवतात. वेव्ह फायलींत टॅगची रड असते, म्हणून आवाजाचा पूर्ण दर्जा हवा असलेले डीजे एआयएफएफ किंवा फ्लॅक या प्रकारच्या फायली पसंत करतात.

गाणे संग्रहात घेतले की सॉफ्टवेअर त्याचे पृथक्करण करून बीपीएम काढते आणि ठोक्यांची जाळी, म्हणजे बीटग्रिड, आखते. यंत्रावर बांधलेल्या हाउस किंवा टेक्नोत हे अचूक जमते. ड्रम अँड बेसचे १७४ बीपीएमचे गाणे कधी ८७ चे म्हणून नोंदले जाते. ते दुप्पट करून घेणे हे एका बटणाचे काम. खरी अडचण जुन्या चित्रपटगीतांची आणि ढोलकी-हलगीच्या रेकॉर्डिंगची. माणसांनी वाजवलेली लय कडव्यागणिक सरकते, आणि एकाच गतीची जाळी दोन मिनिटांनी ठोक्यांवरून घसरते. बदलत्या लयीचा पर्याय रेकॉर्डबॉक्समध्ये आहे. तरी अशी गाणी कानाने तपासून जाळी हाताने सरकवण्याला पर्याय नाही.

सुराचे टॅगिंग मिक्स्ड इन की या सॉफ्टवेअरने लोकप्रिय केले. त्यातले कॅमेलॉट चक्र घड्याळाच्या तबकडीसारखे आहे : १ ते १२ आकडे, मायनर स्वरपट्टीला ए आणि मेजर स्वरपट्टीला बी. ८ए म्हणजे ए मायनर, हार्मोनियमवर पांढरी सहा. त्याला ७ए, ९ए किंवा ८बी जोडले की सूर सहसा भांडत नाहीत. रागाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यालाही सॉफ्टवेअर या २४ पैकीच एक लेबल चिकटवते. ते किती मानायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

या सगळ्या मेहनतीचा हिशेब कुठे राहतो, हा कळीचा प्रश्न आहे. सेराटो हे सॉफ्टवेअर हॉट क्यू, म्हणजे गाण्यातल्या हव्या त्या जागी थेट उडी मारण्यासाठी केलेल्या खुणा, आणि बीटग्रिड एमपीथ्री फायलीच्या टॅगमध्येच लिहून ठेवते. फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर नेली तरी खुणा सोबत जातात. रेकॉर्डबॉक्स त्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. तो डेटाबेस गेला, तर गाणी राहतात आणि खुणा जातात. एकातून दुसऱ्यात जायचे तर लेक्सिकनसारखे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर लागते, आणि तिथेही एक खोच आहे. काही एमपीथ्री फायलींच्या आरंभी निव्वळ माहितीची एक चौकट असते. तिची लांबी आवाजाचे १,१५२ नमुने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने सुमारे २६ मिलिसेकंद. एक सॉफ्टवेअर ती मोजते, दुसरे वगळते. मग सगळे क्यू तेवढेच पुढेमागे होतात. १२८ बीपीएमला एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ४६९ मिलिसेकंद असतात. त्यात २६ चा फरक तयार कानाला दुहेरी ठोक्यासारखा खटकतो.

प्रकारापेक्षा प्रसंग महत्त्वाचा, हे महाराष्ट्रात लग्नसमारंभ आणि मिरवणुका करणाऱ्या डीजेला वेगळे सांगावे लागत नाही. हळद, वरात, रिसेप्शन, विसर्जन ही त्याची खरी वर्गवारी; एकच कोळीगीत हळदीलाही चालते आणि मिरवणुकीलाही. फोल्डरमध्ये अशा गाण्याची एकतर प्रत काढावी लागते किंवा ते एकाच ठिकाणी अडकते. टॅगमध्ये ही अडचण नाही. रेकॉर्डबॉक्सच्या माय टॅगमध्ये चार रकाने असून त्यांतली नावे आपल्या मनाप्रमाणे ठेवता येतात. व्हर्च्युअल डीजेत हॅशटॅग चालतात. ‘वरात’ आणि १२० ते १३० बीपीएम अशी अट घालून आपोआप भरणारी प्लेलिस्टही करता येते. मराठी गाण्यांची निराळी कटकट म्हणजे नावे. इकडून तिकडून उतरवलेल्या रीमिक्सच्या शीर्षकात संकेतस्थळाचे नाव, डीजेचे नाव, कधी मोबाइल नंबरसुद्धा घुसडलेला असतो. ‘नवरी’ हा शब्द रोमन लिपीत कोणी एका आयने संपवतो, कोणी दोन ईंनी. शोधपट्टीत तो निम्म्या वेळा सापडत नाही. पिकार्ड ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखून सामायिक माहितीसाठ्यातले तपशील भरते, पण स्थानिक रीमिक्सची तिथे नोंदच नसेल तर तेही हात टेकते. तिथे एमपीथ्रीटॅगमध्ये शोधा-बदला करत बसणे आले.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. आधी टॅग आणि फायलींची नावे साफ करायची, गाणी कायमच्या फोल्डरमध्ये हलवायची, आणि मगच ती संग्रहात घ्यायची. नंतर बाहेरून नाव बदलले की रेकॉर्डबॉक्सला फाइल सापडत नाही, आणि नावापुढे उद्गारचिन्ह येते. टॅग बाहेरून बदलले असतील तर ते पुन्हा वाचायला सांगावे लागते. स्ट्रीमिंग सेवेवरच्या गाण्यांना हे काहीच लागू नाही. लिहायला फाइलच हातात नसल्याने त्यांचे क्यू आणि शेरे सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्येच राहतात, आणि सेवेने गाणे काढून टाकले की त्या नोंदीचा उपयोग उरत नाही.