लोखंड आधी, हवा नंतर

अमेरिकेतल्या भंगारयार्डात गाड्या जमिनीवर टेकवून ठेवत नाहीत. जुन्या चाकांच्या रिंगा एकमेकींना वेल्ड करून त्यांच्या तिवया बनवतात आणि त्यांवर गाडी चढवतात, म्हणजे खाली सरकून नटबोल्ट खोलता येतात. ऑक्टोबरच्या एका शनिवारी मिशिगनमधल्या अशाच एका यार्डात मी आणि माझा भाचा एका पिकअप ट्रकपुढे उभे होतो. मागून कोणीतरी जोरात ठोकलेला ट्रक, पुढचं सगळं शाबूत. भाचा कोल्हापूरचा, इथे एम. एस. करायला आलेला. त्याला ड्रॅग रेसिंगची गाडी बांधायची होती आणि खिशात होतं विद्यार्थ्याचं बजेट.

"मामा, हे ट्रकचं इंजिन? वीस वर्षं घासलेलं? मला कॉर्व्हेटचं पाहिजे होतं."

"कॉर्व्हेटच्याच घरातलं आहे. फक्त लहानपणापासून हमाली केलीय त्याने."

हे खोटं नव्हतं. जनरल मोटर्सने १९९७च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये एलएस१ नावाचं ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं नवं इंजिन आणलं. १९९९पासून त्याच आराखड्याची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची भावंडं कंपनीच्या पिकअप ट्रकांत आणि मोठ्या एसयूव्हींत बसू लागली. मुख्य फरक एवढाच, की कॉर्व्हेटचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा, ॲल्युमिनियमचा आणि ट्रकांचा बहुतेक करून बिडाचा. ट्रक लाखांनी खपले, म्हणून लाखांनी भंगारात आले. अमेरिकेत आज कमी पैशांत वेगवान गाडी बांधणारा माणूस डोळे झाकून ५.३कडे जातो तो यामुळे. इंजिन फुटलं तर पुढच्या शनिवारी दुसरं मिळतं, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. दुर्मीळ इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून भुलणाऱ्याला पुढे एकेका गॅस्केटसाठी दारोदार फिरावं लागतं.

पण आधी हिशेब. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल, ४०२ मीटर, उभ्या गाडीपासून सुरुवात. (आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.) इंजिन ठरावीक ताकद सतत देत असेल, तर दर सेकंदाला गाडीच्या गतिज ऊर्जेत सारखीच भर पडते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे वेग वाढेल तसतसा ताशी वेगातला पुढचा प्रत्येक किलोमीटर महाग पडतो. गणित शेवटपर्यंत नेलं की निघतं ते असं: वेळ ही वजन भागिले ताकद याच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. घनमूळ मोठं निष्ठुर असतं. ताकद दुप्पट केली तर वेळ निम्मी होत नाही, फक्त वीस टक्क्यांनी घटते. निम्मी करायची तर ताकद आठपट लागते.

रेसिंगवाले यासाठी एक अनुभवसिद्ध सूत्र वापरतात: पौंडातल्या वजनाला अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ने गुणा. दीड टनाच्या गाडीला ३०० अश्वशक्ती असेल तर उत्तर तेरा सेकंदांच्या आसपास येतं. ६०० केली तर सव्वादहा. भाच्याने तिथेच फोनवर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचा हिशेब केला. तो ब्लॉक साधारण ४५ किलोने हलका, म्हणजे गाडीच्या वजनात तीन टक्के घट, म्हणजे वेळेत एक टक्का, म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा. शर्यतीत तेवढ्यानेही हारजीत होते हे खरं. पण त्याच्या बजेटात त्या आठव्या हिश्शाची किंमत बसत नव्हती.

"मग ताकद कुठनं आणायची?"

हवेतून. इंजिन हा शेवटी हवेचा पंप आहे. ५.३ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपलं पोट भरतं, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सुमारे १६,००० लिटर हवा. वजनात ती १९ किलो भरते. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या १४.७ पट हवा लागते, म्हणून एवढ्या हवेत सव्वा किलोच्या थोडं वर पेट्रोल जळेल, जास्त नाही. पेट्रोल काय, इंजेक्टरने हवं तेवढं ओतता येतं. अडतं ते हवेपाशी. हवा मात्र दाबून भरता येते. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा तशीही सायलेन्सरवाटे गरम धुरात वाया जाते. त्या धुराने टर्बोची चकती फिरवली आणि तिने आत जाणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट केला, तर तेवढ्याच सिलिंडरात जवळजवळ दुप्पट हवा मावते. दाबलेली हवा तापते आणि तापली की फुगते, म्हणून मध्ये इंटरकूलर लावून ती थंड करावी लागते.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. ट्रकच्या कागदावर २८५ अश्वशक्ती लिहिलीय की ३४५, याला मी फारसं महत्त्व देत नाही. ती हवा आहे, नंतर भरता येते. भंगारात जाऊन घ्यायचं ते लोखंड: ब्लॉक, पिस्टनांनी फिरणारा क्रँक, आणि त्याला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप. ५.३मध्ये प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट असतात, चार वरून आणि दोन बाजूंनी आडवे, आणि ब्लॉकची भिंत क्रँकच्या मध्यरेषेच्याही खाली उतरते. क्रँक एखाद्या पेटीत कोंडल्यासारखा बसतो. भाच्याचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत, त्यामुळे करडं बीड म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे थरथर जिरते आणि सिलिंडरची भिंत थोडं तेल धरून ठेवते.

पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडबद्दल मात्र त्याचा समज उलटा होता. त्याला वाटत होतं की टर्बो लावला की रॉड तुटणार. आता एक पिस्टन डोळ्यांपुढे आणा. ६००० फेऱ्यांवर तो सेकंदाला शंभर वेळा वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ९२ मिलिमीटर आहे. त्यावरून वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४०० पट निघतं. पिस्टन आणि पिन मिळून अर्धा किलो धरा, तर रॉडला बाराशे किलोचा हिसका बसतो, जवळजवळ दोन मारुती ८०० टांगल्यासारखा. हा हिसका सगळ्यात उघडा पडतो तो धूर बाहेर टाकण्याच्या स्ट्रोकच्या शेवटी, कारण तेव्हा वरून पिस्टनला दाबून धरणारं काहीच नसतं. सगळा भार रॉडच्या दोन बोल्टांवर. फेऱ्या ७००० केल्या की तोच हिसका सोळाशे किलोच्या वर जातो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. टर्बोचा दाब रॉडला ढकलतो, ओढत नाही. फार झालं तर रॉड वाकतो हेही खरं, पण ढकलणं लोखंड बरंच सोसतं. म्हणून जुन्या इंजिनाला फेऱ्या कमी आणि दाब जास्त द्यावा. सहा-साडेसहा हजारांवर गिअर बदलणारा माणूस इंजिन जास्त दिवस वापरतो.

मग अशी इंजिनं मरतात कशाने? बहुतेकदा पिस्टनभोवतीच्या, गळती अडवणाऱ्या रिंगेतल्या एका फटीने. रिंग पूर्ण गोल नसते, तिला एक चीर असते. सिलिंडरचा व्यास ९६ मिलिमीटर, म्हणजे परीघ ३०२. रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर लोखंडाच्या प्रसरणाने ती ०.३३ मिलिमीटरने लांबते. कारखान्यात ठेवलेली फट साधारण ०.३ ते ०.४. ट्रकवर माल ओढताना हे गणित नेमकं जमतं. टर्बो लावला, उष्णता वाढली, की रिंगेची दोन्ही तोंडं एकमेकांना भिडतात. पुढे वाढायला जागा नाही म्हणून रिंग बाहेर रेटते, भिंतीत अडकते, आणि पिस्टन खाली जाताना त्याच्या वरच्या कठड्याचा तुकडा उपटून काढते. बाहेरून बघणारा म्हणतो, "टर्बोने पिस्टन फोडला." फोडला तो पाव मिलिमीटरने. रिंगा काढायच्या, छोट्या हँडलच्या ग्राइंडरवर तोंडं घासायची, फट ०.६५च्या आसपास आणायची. खर्च म्हणाल तर गॅस्केटचा आणि दोन शनिवारांचा. रिचर्ड होल्डनर या डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिनं तपासणाऱ्या लेखकाने भंगारातलं ४.८ लिटरचं इंजिन घेतलं, आतलं लोखंड तसंच ठेवून रिंगांच्या फटी वाढवल्या, झडपा उघडणारा कॅम आणि त्या मिटवणाऱ्या स्प्रिंगा बदलल्या, दोन टर्बो लावले आणि १२०० अश्वशक्तीच्या पुढे गेला. डायनोवरची काही सेकंदं म्हणजे हंगामभराची शर्यत नव्हे, हेही सांगायला हवं.

वीस वर्षं चाललेलं इंजिन आतून बरं कसं असतं, हा प्रश्न त्याने विचारला आणि तो रास्त होता. कार्ब्युरेटरच्या काळात थंडीत चोक ओढला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकायचं आणि रिंग कोरडी घासायची. इंजेक्शनने ते थांबवलं. दुसरं म्हणजे ओव्हरड्राइव्ह, चाकं जोरात फिरत असताना इंजिनाला हळू फिरू देणारा वरचा गिअर. हा ट्रक हायवेवर ताशी शंभरच्या पुढे जातानाही इंजिन १८०० ते १९०० फेऱ्यांवर निवांत असतं. दोन-अडीच लाख किलोमीटरनंतर सिलिंडरमध्ये डोकावलं तर कारखान्यात भिंत घासताना पडलेल्या होनिंगच्या तिरक्या रेघा कित्येकदा अजून दिसतात.

तरी डोकावायचंच. विंडशील्डखालच्या पट्टीवर गाडीचा सतरा अक्षरी नंबर असतो. त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं. टी असेल तर लोखंडी ५.३, व्ही असेल तर ४.८, यू असेल तर ६.० लिटरचं एलक्यू४. २००७पासूनच्या ट्रकांत इंजिनावर ताण नसताना चार सिलिंडर झोपवण्याची सोय आली. तिचे लिफ्टर, म्हणजे कॅमवरून झडपा ढकलणारे दट्टे, दगा देतात, म्हणून मी जुन्याकडे झुकतो. मग ऑइलची काडी. चहाच्या रंगाचं फेसाळ ऑइल म्हणजे आत इंजिन थंड ठेवणारं पाणी शिरलंय. स्पार्क प्लग आठही काढून ओळीने मांडायचे. सात तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरात पाणी जातंय. क्रँकच्या पुढच्या बोल्टला २४चा सॉकेट लावून हाताने दोन फेऱ्या फिरवायच्या. कुठे अडलं, तर पुढचा ट्रक.

यात मी एकदा तोंडघशी पडलोय. एका विक्रेत्याकडून "नुकतंच चालत होतं" या शब्दावर इंजिन उचललं, हेडवरचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर ओतलेला कास्टिंग नंबर बघितलाच नाही. ७०६ नंबर होता. त्या नंबरच्या काही हेडांना आत बारीक चिरा जातात आणि पाणी हळूहळू ऑइलमध्ये झिरपतं. डोळ्यांना काही दिसत नाही, टाकीतलं पाणी मात्र कमी होत राहतं. दोन महिने मी वॉटरपंपाला शिव्या देत होतो.

या ट्रकवर ८६२ होतं. यार्डात बॅटरी नव्हती, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, घरी आणून मोजलं. या इंजिनाचा स्टार्टर ब्लॉकलाच बसतो, त्यामुळे गॅरेजच्या फरशीवर टायरवर ठेवून, पट्ट्याने बांधून, बॅटरी जोडून ते फिरवता येतं. सात सिलिंडर १६० ते १७० पीएसआय, एक १५५. आकडा केवढा यापेक्षा आठही आकडे दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे बघायचं. भाच्याने मला टाळी दिली, ऑइलच्या हाताने.

इंजिन स्वस्त पडलं तरी पुढचा खर्च चुकत नाही. गिअरबॉक्स, इंधनाचा पंप, मोठे इंजेक्टर यांत इंजिनाच्या कितीतरी पट पैसे जातात. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम असा, की पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार केलात तर रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारी लोखंडी कमान, लागतो. इंधन म्हणून त्याने ई-८५ निवडलं, म्हणजे मुख्यतः इथेनॉल. इथे ते मक्याचं, आपल्याकडे उसाचंही, गुण तोच: वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, आतली हवा थंड ठेवतं, आणि दाबाने-उष्णतेने मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका कमी करतं. मात्र त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे जास्त ओतावं लागतं.

नोव्हेंबरभर गॅरेजमध्ये रिंगा घासणं चाललं. आठ पिस्टन, प्रत्येकी दोन, एकूण सोळा. दोन वळसे घासायचं, सिलिंडरमध्ये सरळ बसवायची, फट मोजणारी फीलर गेजची पातळ पट्टी घालून बघायचं, परत घासायचं. घाईत जास्त घासली गेली तर नवी रिंग. अकराव्या रिंगेवर असताना माझ्या ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने इंजिन पाहिलं, लेकाचे हात पाहिले आणि कुठलीही मराठी आई विचारील तेच विचारलं.

"ॲव्हरेज किती देते रे?"

तो खरंच हिशेबाला बसला. टर्बोवर दुप्पट हवा, मिनिटाला ३८ किलो. पेट्रोलवर धरू. मिश्रण जरा घट्ट, अकरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. सव्वादहा सेकंद. पाव मैलाला जवळजवळ ८०० मिलिलिटर.

"लिटरला अर्धा किलोमीटर, आई. ई-८५वर त्याहून कमी."

"फोन मामाकडे दे," ताई म्हणाली.