मावशीचं रात्रीचं जेवण आणि अल्झायमरचा इतिहास

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर एका नव्या रुग्णाजवळ बसून टिपणं काढत होते. ऑगस्टे डेटर, वय ५१. दुपारच्या जेवणात तिला फ्लॉवर आणि डुकराचं मांस वाढलं होतं. काय खातेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पालक." १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत दिसलेले थर आणि गुंते ट्यूबिंगनच्या सभेत मांडले, आणि १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. या आजाराच्या पहिल्या नोंदीतच असं एक ताट आहे. पण त्या ताटाचा आजाराशी काही संबंध असेल का, हा प्रश्न ऐरणीवर यायला जवळजवळ शतक गेलं.

मी या इतिहासात शिरले ते माझ्या मावशीमुळे. ती लालबागला चाळीत राहते, वय ८१. चार वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. जेवून तासही होत नाही तोच विचारते, "अगं, आज जेवायला वाढणार नाहीस का?" नातेवाईक फोनवर रोज नवा उपाय पाठवतात. कधी हळदीचं दूध, कधी चमचाभर खोबरेल, आता सोळा तासांचा उपास. प्रेमापोटीच पाठवतात, पण यातलं काय कुठून आलं हे कुणाला तरी नीट बघायला हवं होतं.

हळदीपासूनच सुरुवात करू. २००१ मध्ये हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अल्झायमरचे नवे रुग्ण अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या तशाच पाहणीपेक्षा कितीतरी कमी आढळले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये उंदरांवर हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोग झाले आणि मेंदूतला अमायलॉइड, म्हणजे या आजारात थर धरणारं प्रथिन, कमी झाल्याचं दिसलं. लोकांनी दोन्ही बातम्या जोडून टाकल्या: भारतीय हळद खातात म्हणून विसरत नाहीत! खेड्यातलं कमी आयुर्मान, आजार झाल्यावर फार दिवस न जगणं, पाहणीचा छोटा काळ या कारणांकडे कुणी पाहिलं नाही. २०१२ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन देऊन पाहिलं तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. ही बातमी मात्र एकाही काकांनी पाठवली नाही.

मधुमेहाचा धागा जास्त पक्का आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासानं दाखवलं की मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) धोका जवळजवळ दुप्पट असतो. २००५ मध्ये ब्राऊन विद्यापीठाच्या सुझान दे ला माँटे आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या मेंदूंमध्ये इन्शुलिनचं काम बिघडलेलं पाहून "टाइप ३ मधुमेह" हा शब्द वापरला. मला हा शब्द घातक वाटतो. तो ऐकून माणसं साखर सोडतात आणि रक्तदाबाची गोळी विसरतात.

मग पूर्ण आहाराकडे लक्ष गेलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भूमध्य सागरी आहाराचा, म्हणजे भाज्या, कडधान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेलाचा, अभ्यास झाला. २०१५ मध्ये शिकागोच्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी पालेभाज्या आणि बेरींवर भर देणारा "माइंड" आहार मांडला. तो काटेकोर पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमर ५३ टक्के कमी दिसला. आकडा जगभर गाजला. पण ते होतं निरीक्षण. २०२३ मध्ये ६०४ वृद्धांवरच्या तीन वर्षांच्या प्रयोगाचा निकाल आला, तेव्हा माइंड आहार घेणारे आणि नुसतं थोडं कमी खाणारे यांच्यात ठळक फरक निघाला नाही. दोन्ही गटांची मात्र थोडी सुधारणा झाली होती. माझ्या समजुतीप्रमाणे एखाद्या पदार्थात जादू नसते. वजन, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहिले की मेंदूच्या रक्तवाहिन्या वाचतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये केलेल्या यादीत स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके आहेत, त्यात मधुमेह, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल आहेत. आहार स्वतंत्रपणे नाही.

"काय खावं" याच्या तुलनेत "केव्हा खावं" हा प्रश्न फार नवा. त्याचं मूळ सापडतं फळमाशीत. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना माशीच्या दिवस-रात्रीचा ताल बिघडवणारा जनुक सापडला, आणि याच वाटेवरच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूत मुख्य घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. पण २००० मध्ये जिनिव्हातल्या प्रयोगशाळेत रात्री खाणाऱ्या उंदरांना दिवसा खायला घातलं, तर मेंदूचं घड्याळ होतं तिथेच राहिलं आणि यकृताचं पुढे सरकलं. म्हणजे पोटाचं घड्याळ जेवणावर लागतं! अवेळी खाल्लं की ही दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. संध्याकाळनंतर तीच पोळी रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त चढवते, त्यामागेही शरीराचं घड्याळच आहे.

२०१२ मध्ये सॅन दिएगोजवळच्या सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटानं उंदरांना तेवढंच चरबीयुक्त खाणं आठ तासांच्या आतच दिलं, तर ते लठ्ठ झाले नाहीत. २०२३ मध्ये तिथल्याच विद्यापीठात पॉला डेस्प्लाट्स यांनी अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना रोज सहाच तास खाऊ दिलं. त्यांची झोप सुधारली, स्मरण सुधारलं, अमायलॉइड कमी साचला. नातेवाइकांचा सोळा तासांचा उपास याच घराण्यातला. पण ते उंदीर होते. माणसांत हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मुंबईत तर जेवणाची वेळ कधी माणसाच्या हातात नव्हतीच. गिरणगावात ती भोंग्यानं ठरायची. मावशीचे यजमान दुसऱ्या पाळीला, म्हणजे मध्यरात्री सुटायचे. ती त्यांच्यासाठी थांबायची; साडेबाराला दोघांची ताटं मांडली जायची, आमटी पुन्हा गरम व्हायची. १९८२ च्या संपापर्यंत हे असंच चाललं. आता भोंगे गेले आणि त्यांची जागा साडेनऊच्या विरार लोकलनं घेतली. चाळीतल्या जैन शेजारीणबाई मात्र सूर्यास्ताआधी जेवून मोकळ्या होतात. त्यांचं कारण अहिंसेचं आहे, मेंदूचं नाही. मावशीच्या आजाराचं मूळ त्या मध्यरात्रीच्या ताटांत होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला कसलाच आधार नाही.

डॉक्टरांनी उपासाला स्पष्ट नकार दिला. या आजारात वजन घटतं, ते अजून घटू देणं धोक्याचं आहे, आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी सांगितलं ते एवढंच: जेवणं रोज ठरल्या वेळी, रात्रीचं लवकर, नंतर चहा नाही. आता आम्ही सातला वाढतो. वरणभात पांढऱ्या ताटलीत दिला की तिला दिसत नाही, म्हणून लाल ताटली आणलीय.

पहिल्या आठवड्यात ती ताट बाजूला सारायची. "ते यायचेत अजून," म्हणायची. एके दिवशी मी म्हटलं, "मावशी, आज काका पहिल्या पाळीला होते. जेवून झोपलेसुद्धा." तिनं दाराकडे एकदा पाहिलं आणि पहिला घास घेतला.